आधी बटण, मग खोकला

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकट्या,

तुझ्या दोन पत्रांचं उत्तर राहिलं, माफ कर. पहिल्याच्या वेळी कामाचं कारण तरी होतं. दुसऱ्याच्या वेळी नुसता आळस, मग आळसाची लाज, आणि लाजेपायी आणखी उशीर.

तू म्हणशील, रोज तर फोनवर बोलतो, पत्र कशाला. पण आपल्या घरात फोनला रेंज मिळते ती एकाच जागी, बाबांच्या पलंगाशेजारच्या खिडकीत. तिथे उभी राहून मी जे बोलते ते सगळं त्यांच्या कानावर जातं. वाचा गेली तरी कान शाबूत आहेत, समज तर आपल्या दोघांपेक्षा जास्त शाबूत. त्यामुळे फोनवर मी तुला ऊन किती पडलं ते सांगते, आणि खरं काय ते पत्रासाठी ठेवते. तुमच्या कंपनीच्या नकाशावर आमची वस्ती हिरव्या रंगात आहे म्हणालास. असेल. घरात हिरवी आहे ती फक्त ही खिडकी. माझं स्वयंपाकघर कुठल्या रंगात आहे, एकदा विचारून ठेव.

तर खरं काय ते. मागच्या उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून बाबांच्या बोलण्यात फार फरक नाही. वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा टॅबवर येतात. फार शांत बाई आहेत. त्या म्हणतात, शब्द आत आहेत, बाहेर यायला वेळ लागतो. पहिल्या वर्षात जितकं बोलतील तितकं परत मिळेल, नंतर कठीण होत जातं. आणि नुसतं बाईंशी बोलून भागणार नाही, आपल्या माणसांशी बोलले पाहिजेत. आपली माणसं म्हणजे मी आणि तू. माझ्याशी त्यांना बोलावंच लागत नाही. भुवई हलली की मी पाणी देते, हात हलला की उशी. त्यात माझं चुकतंय का, हा प्रश्न आता पडायला लागलाय.

राहिलास तू. आणि तुझाच रविवारचा टॅबवरचा फोन टिकत नाही. आजही तेच झालं. तू "बाबा, जेवलात का" विचारलंस, मग "हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो" केलंस, आणि पडदा काळा. ज्या माणसाने उभा जन्म बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, त्याला मुलाशी दोन शब्द बोलता येऊ नयेत ना.

तू छपरावर नेटची ती ताटली बसवून गेलास तेव्हा लोक वर बघून हसले होते. आता प्रत्येक छपरावर एक आहे, आणि सगळ्यांची तोंडं पाण्याच्या टाकीवरच्या टॉवरकडे. शेजारच्या काकू म्हणतात, पूर्वी सकाळी उठून विचारायचो पाणी आलं का, आता विचारतो नेट आलं का, आणि दोन्हीला उत्तर एकच: येईल.

तुझा धंदाच हा आहे. काहीतरी कर रे.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. पोस्टमनने ऑफिसात आणून दिलं, सगळ्यांसमोर. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "वायरलेसवाल्याच्या घरून टपाल? कुणाला सांगू नकोस, शेअर पडतील आपले."

आता कामाचं. तारेचं नेट म्हणजे ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा नळ. बिनतारी नेट म्हणजे चौकातला एकच नळ आणि त्याखाली सगळ्यांच्या बादल्या. मी ताटली बसवली तेव्हा तुमच्या टॉवरवर मोजकी घरं होती. आता गल्लीच्या गल्ली आहे. रविवारी सकाळी सगळे घरी, सगळ्यांना परगावच्या माणसांशी बोलायचंय. आम्ही नकाशा हिरवा करत सुटतो, पण एका नळाखाली किती बादल्या लागतील हे कुणी आधी मोजत नाही. इथे मी रोज हेच भांडण भांडतो.

तेव्हा असं कर. पुढचा फोन रविवारऐवजी बुधवारी सकाळी करू. त्या वेळी तुझा लॅपटॉप बंद ठेव. ताटलीपासून येणारी केबल खिडकीतून आत येते तिथे झडपेने चेपली नाही ना ते बघ. ताटली वाऱ्याने फिरली का, आणि ताटली आणि टॉवरच्या मध्ये कुणी नवा मजला चढवला का, तेही बघ. मी इथून आपल्या यंत्रावर नजर ठेवतो, तेवढी सोय मी बसवतानाच करून ठेवली होती.

आणि एक. हसू नकोस. चित्र गोठायचा मुहूर्त नेमका कसा साधतं ते कळत नाही. बाबांनी तोंड उघडलं, ओठ हलणार, की चित्र जागच्या जागी थांबतं. मी हॅलो हॅलो करतो आणि सगळं जातं. लहानपणी मी सगळ्यांच्या चुका काढत फिरायचो म्हणून त्यांनी मला मास्तर नाव ठेवलं, त्याचा केवढा राग यायचा मला. आता दर रविवारी वाटतं, एकदा म्हणतील. बाकी काही बोलले नाहीत तरी चालेल.

तुझा,
धाकटा


१० मार्च

प्रिय धाकट्या,

तू सांगितलेलं सगळं केलं. बुधवारी काय झालं ते तुला माहीतच आहे, रविवारसारखंच. लॅपटॉप बंद होता. केबल कुठे चेपलेली नाही.

ताटली बघायला मी स्वतः छपरावर चढले. काकूंनी शिडी धरली आणि खालून सारखं बजावत होत्या, "पडू नकोस बाई, दोघादोघांना भरवायला मला जमायचं नाही." ताटली घट्ट आहे. कोपऱ्यावरच्या गवंड्याने आपल्या घरावर आणखी एक मजला चढवलाय खरा, पण तो बाजूला राहतो, टॉवर सरळ दिसतो. वरून बघताना गंमत वाटली. एवढी सगळी घरं, एकमेकांशी बोलणारी फारशी नाहीत, आणि सगळी मिळून त्या एका खांबाशी बोलतायत.

काकूंचं नेटही त्याच टॉवरवरून येतं. मी मुद्दाम विचारलं. बुधवारी आपलं गेलं त्याच वेळी त्या नातवाशी बोलत होत्या आणि त्यांचं एकदाही तुटलं नाही.

आता एक गोष्ट नोंदवून ठेवते, अर्थ मला लागत नाही. माझं काम दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुका शोधायचं. अर्थ नंतर लागतो, आधी खूण करून ठेवायची, एवढं त्या कामाने शिकवलं. बाईंच्या तासाला चित्र अडकतं, आवाज फाटतो, पण नेट जात नाही. बाई थांबतात, चित्र परत हलतं, तास पुढे चालतो. तुझ्या फोनला मात्र मधलं अडकणं वगैरे नाही, थेट काळोख.

बाबा बाईंशी थोडे बोलतात. परवा "खिडकी" म्हणाले. मी दाराआडून ऐकलं. नंतर मीही खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ताई, वय काय तुझं.

तुझी,
ताई


१९ मार्च

ताई,

हे पत्र कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहितो.

आपलं यंत्र दोन तऱ्हेने बंद पडू शकतं. हवेतला दुवा तुटला तर यंत्र जागंच असतं, टॉवरला शोधत बसतं. वीज गेली तर ते झोपतं, आणि उठल्यावर आपलं घड्याळ पहिल्यापासून मोजायला लागतं. ते घड्याळ मला इथून दिसतं. माझ्या प्रत्येक फोनला, मी फोन लावल्यानंतर थोड्याच वेळात, आपलं यंत्र झोपलंय. हवेत काही तुटलं नव्हतं. वस्तीची वीज गेली नव्हती, काकूंचं चालू होतं हे तूच लिहिलंस.

म्हणजे कुणीतरी बटण दाबलं.

घरात माणसं दोन. बाबा पलंगावर पडून असतात.

मी रागावलेलो नाही. त्यांची अवस्था मला दिसू नये असं तुला वाटत असेल, मी इथे एकटा आहे, जिवाला लावून घेईन म्हणून. किंवा मी चार महिन्यांतून एकदा उगवतो आणि फोनवर सल्ले देतो, त्याचा तुला वीट आला असेल. तेही समजेन. फक्त मला सांग. मी महिनाभर केबल आणि ताटल्या तपासायला लावतोय, आणि तू शिडीवर चढून मला हवामान कळवतेस, हे मात्र मला सहन होत नाही.

धाकटा


२१ एप्रिल

प्रिय धाकट्या,

महिना लावला उत्तराला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिलं नुसतं रागाचं होतं. दुसऱ्यात मी फार सोशिक दिसत होते, तेवढी मी नाही. तिसऱ्यात तुला दुखवायला काही वाक्यं घातली होती आणि ती मला आवडली, म्हणून फाडलं.

बटण मी दाबलं नाही.

हे लिहून मी थांबले आणि स्वतःला विचारलं, एवढंच खरं आहे का? तर नाही. तुझा फोन यायच्या आधी मी बाबांची दाढी करते, शर्ट बदलते, टॅबच्या कॅमेऱ्यात येईल तेवढीच खोली आवरते. औषधाच्या बाटल्या, भांडं, ओली चादर सगळं पलंगाच्या दुसऱ्या अंगाला. फोन गेला की मला हुश्श वाटतं, आज पार पडलं. म्हणजे बटण मी दाबलं नसलं तरी ते दाबलं जाण्यात माझा फायदा होता. तुझा संशय अगदीच हवेतला नव्हता.

मग मी बघायचं ठरवलं. एरवी मी टॅब हातात धरून बाबांसमोर उभी असते, आणि बघत असते तुझ्याकडे. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टॅब स्टुलावर पुस्तकांना टेकवला आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. तुला दिसले नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते.

तू विचारलंस, "बाबा, आज काय केलंत?" बाबांनी मान वर केली. ओठ मिटले. डोळे वर, छताकडे. शब्द शोधताना ते असेच बघतात. बाईंच्या तासाला हे कितीही वेळ चालतं. बाई हातावर हात ठेवून बसतात.

तू म्हणालास, "गेलं वाटतं. ताई, चित्र अडकलंय तुमचं. हॅलो! बाबा, ऐकू येतंय का?"

चित्र अडकलं नव्हतं रे. बाबा थांबले होते.

त्यांनी परत सुरुवात केली. ओठ उघडले, "आ" असा आवाज आला. तू तोवर बोलत होतास, "आवाज पण तुटतोय." तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशाशी ठेवलेली काठी उचलली (डावा हात चांगला चालतो आता, हे मी तुला कळवायला हवं होतं), तिचं टोक पलंगाशेजारच्या स्विचबोर्डवर नेमकं टेकवलं, आणि दाबलं. राउटर आणि ताटली दोन्ही त्याच एका बटणावर. पडदा काळा. मग त्याच टोकाने बटण परत चालू केलं (म्हणून मला आजवर कधी बंद सापडलं नाही), काठी जागेवर ठेवली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

त्या वेळी मी जे केलं ते लिहायला जड जातंय. मी त्यांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जाड कापडी चिकटपट्टी आणली आणि ते बटण चालू ठेवून वरून पक्कं चिकटवून टाकलं. दोन पदर. मला वाटलं, प्रश्न सुटला.

पुढच्या रविवारी फोन गेला नाही. तुला वाटलं नेट सुधारलं. पण तुला काय दिसलं आठव. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, आणि तू त्यांच्या पाठीला म्हणालास, "बाबा, छान दिसताय." काठीने ते बटण त्यांनी आधी चाचपलं होतं. पट्टी लागल्यावर मग कूस बदलली.

तेव्हापासून ते बाईंशीही बोललेले नाहीत. "खिडकी"सुद्धा नाही. बाई म्हणाल्या, जबरदस्ती नको, पण फार दिवस असंच राहिलं तर मिळवलेलं जाईल. वर्ष भरत आलंय. मला भीती वाटते.

काय करू ते सांग. टॉवर, ताटली, केबल सोडून.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ताई,

आधी माफी. दोन माफ्या, खरं तर. तुझ्यावर घेतलेला संशय एक. दुसरी बाबांची, ती पत्राने पोचवता येणार नाही.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसलो. शेजारचा म्हणाला, काय, सर्व्हर पडला? मी म्हणालो, मीच.

ताई, माझ्या धंद्यात शांतता म्हणजे बिघाड. समोरून काही आलं नाही की आमची यंत्रं लगेच विचारतात, आहेस का? आहेस का? उत्तर नाही आलं की मेला असं धरतात. मी दिवसभर यंत्रांना हे शिकवतो आणि रविवारी स्वतः तेच करतो. माझा बाप शब्द शोधत होता आणि मी त्याला नेटवर्क समजलो.

पण बटणाचं मला दुसरं काहीतरी आठवलं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, मला शाळेतून परस्पर बसस्टँडवर सोडायचे. घोषणांच्या त्या काचेच्या खोलीत मी बाबांच्या खुर्चीमागे बसून गृहपाठ करायचो. माईकखाली एक लाल बटण होतं. बाबा प्रत्येक घोषणा आधी पुटपुटून बघायचे, ओठातल्या ओठात, छताकडे बघत. हो, छताकडे बघत. मग बटण चालू, घोषणा, बटण बंद. मधेच शिंक आली, गाडीचा नंबर आठवला नाही, तर पहिल्यांदा बोट बटणावर. एकदा मी खोकलो आणि तो सबंध स्टँडवर ऐकू गेला. लोक वर स्पीकरकडे बघून हसले. बाबा रागावले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "मास्तर, आधी बटण, मग खोकला. आपली चूक प्रवाशाच्या कानावर जाता कामा नये, त्याला गाडी पकडायची असते."

मी इतके दिवस समजत होतो की मला तोडतायत. ते मला तोडत नव्हते, ताई. चूक बाहेर जाऊ नये म्हणून माईक बंद करत होते. पुटपुटून झालं नव्हतं अजून, आणि मी स्पीकरखाली उभा राहून ओरडत होतो, हॅलो, हॅलो.

आणि आपण ते बटणच चिकटवून टाकलं. "आपण" लिहितो, कारण ती पट्टी तू लावलीस ती माझ्या संशयाने.

असं करूया का बघ. रविवारी फोन लावायचा, पण चित्राशिवाय, नुसता आवाज. आवाजाला बादली लहान लागते, ते अडकणारही नाही. पण खरं कारण ते नाही. त्यांना कुणी बघत नसेल. मी काही विचारणार नाही. सकाळी मी चहा करतो, भांडी घासतो, इस्त्री करतो, ते करत राहीन. लाइन नुसती उघडी राहू दे. मी त्यांच्या खुर्चीमागे बसायचो तसा ते माझ्या मागे बसले आहेत असं समजेन. हॅलो म्हणणार नाही. शपथ घेतो.

आणि पट्टी काढून टाक. आमच्याकडे लाइन तुटल्याच्या नोंदीत कारणांचे चौदा रकाने आहेत, झाडापासून माकडापर्यंत. माणसाने आपणहून बंद केली, असा एकही नाही. असायला हवा.

तुझा,
धाकटा


१८ मे, रविवार

प्रिय धाकट्या,

आजचं सगळं तू ऐकलंस. तरी लिहिते, कारण तुला दिसत नव्हतं.

आधी मागचं. तू म्हणालास तसं केलं. टॅब उताणा ठेवला, पडदा छताकडे. बाबांना मी सांगितलं, "धाकटा काम करणार आहे, बोलणार नाही, तुम्हीही नाही बोललात तरी चालेल." त्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवलं. पहिल्या रविवारी तुझी भांडी ऐकत पडून राहिले. तुला भांडी घासता येत नाहीत, आवाजावरून कळतं. दुसऱ्या रविवारी तुझी इस्त्री. मधे तुझं काहीतरी भाजलं आणि तू शिवी दिलीस. आपण लाइनवर आहोत हे विसरलास बहुतेक. बाबांच्या पाठीला हसू आलं. खांदे हलले. मी पाहिलं. त्यानंतर मंगळवारी त्यांनी बाईंच्या तासाला या कुशीवर वळून "नमस्कार" म्हटलं. मी तुला फोनवर सांगितलं नाही, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलल्यासारखं झालं असतं.

मग गेले काही दिवस एक नवीनच. मी स्वयंपाकघरात काम करत बसलेली असताना त्यांच्या खोलीतून कुजबुज यायची. पहिल्यांदा वाटलं बाहेर कुणी आहे. दाराशी गेले तर गप्प. परत आले की परत सुरू. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं आणि मी दाराशी जायचं बंद केलं. छापून झालेल्या पुस्तकापेक्षा कच्ची मुद्रितं वाचण्यात जन्म गेला माझा, पण हे कच्चं वाचायचा हक्क माझा नाही असं वाटलं. मिक्सर लावून बसले. काकू विचारायला आल्या, एवढं काय वाटतेस? म्हटलं, काही नाही, असाच लावलाय.

आज तू फोन लावलास, "आलो हं" म्हणालास आणि चहा ठेवलास. बाबा उताणे होते. छताकडे बघत होते. ओठ हलत होते. मी पायथ्याशी स्टुलावर बसले, हातावर हात ठेवून, बाईंसारखी. तुझ्या चहाला उकळी आली ते ऐकू आलं. तू तो गाळलास. मग कसलाच आवाज नाही. मला वाटलं आता तू म्हणशील, आता म्हणशील हॅलो. माझ्याच तोंडात आलं होतं. तू म्हणाला नाहीस. यापुढे तुझ्याशी कितीही भांडले तरी ही एक गोष्ट मी तुझ्या बाजूने धरीन.

बाबांनी घसा साफ केला नाही. तू ऐकलं असशील, एकदम स्वच्छ सुरुवात झाली.

"लक्ष... द्यावे."

मग केवढा वेळ काही नाही. त्यांचा डावा हात पांघरुणावर उघडा पडला होता, बोटं एकेक करून मिटत होती, जणू शब्द मोजून घेत होते.

"मास्तर."

परत काही नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मी हलले नाही.

"गाडी... उशिरा... आहे."

मला वाटलं संपलं. चेहऱ्यावर घाम होता. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी भुवई उचलून मला तिथल्या तिथे बसवलं, आणि एका दमात म्हणाले,

"रद्द नाही."

आवाज तोच रे. अर्धा गेलेला, एका बाजूने घसरणारा, पण तोच. स्टँडवरचा.

आता तुला न दिसलेलं. घोषणा झाल्याबरोबर त्यांनी काठी उचलली. रागाने नाही, सवयीने. झालं, आता माईक बंद. टोक बटणावर गेलं आणि पट्टीवर आपटलं. हो, मी पट्टी काढली नव्हती. तू स्पष्ट लिहिलं होतंस, तरी. बाईंच्या तासाला बंद केलं तर? तू बोलताना बंद केलं तर? अशी रोज नवी कारणं काढत होते. खरं कारण एवढंच, की घरातलं एक तरी बटण माझ्या हातात राहावं. सगळं त्यांच्या भुवईवर चालतं, हे एक तरी माझ्यावर चालू दे. हे फार शोभणारं नाही, पण आहे ते असं आहे.

बटण दाबलं गेलं नाही, आणि तोवर रोखून धरलेला खोकला आला. तो तू ऐकलास. मला वाटतं, एवढ्या वर्षांत माईकवर गेलेला तो त्यांचा पहिला खोकला. मी घाबरले, आता पुन्हा भिंतीकडे वळणार. तेवढ्यात तुझ्याकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मोठाच्या मोठा, आणि मग तो दुसरा आवाज, ज्याबद्दल मी लिहीत नाही.

बाबांनी टॅबकडे मान वळवली. कपाळाला आठी. म्हणाले, "मास्तर! बटण!"

तू रडता रडता हसायला लागलास ते आम्ही दोघांनी ऐकलं. बाबांचे डोळे वाहत होते पण आठी तशीच होती, शिस्त ती शिस्त. तुला सांगते, एवढ्या वर्षांत तू फोन कसा ठेवलास हे मला कळलेलं नाही असा हा पहिलाच फोन. कुणी ठेवलाच नाही बहुतेक. दुपारी टॅबची बॅटरी संपून तो आपोआप गेला. तोपर्यंत तू तिकडे काहीतरी शिजवत होतास आणि बाबा ऐकत झोपले होते.

जाग आल्यावर त्यांनी काठीचं टोक पट्टीवर ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि थांबले. मी त्यांच्या वतीने वाक्य पुरं करणार होते, तोंड उघडलंही होतं. मिटलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, काकूंनी दार लावलं, एवढा वेळ गेला.

"काढ," म्हणाले.

झटका आल्यापासून मला म्हणून बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. तुला घोषणा मिळाली, मला हुकूम. तक्रार नाही.

लगेच काढायला गेले. दोन पदरी पट्टी उकाड्याने पार चिकटून बसलीय, नखाने कोपरासुद्धा उचलत नाही, आणि दिवे लागल्यावर स्विचशी खेळ नको. बाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, उशीर चालतो अशा अर्थाने.

रोजची कामं लिहिते त्या वहीतली आजची शेवटची ओळ तुझ्यासाठी इथेच उतरवते.

उद्या: उजेडात, मेन स्विच बंद करून, बाबांच्या बटणावरची पट्टी काढणे.

तुझी,
ताई